कोंड्यातल्या अळ्या, कोंबडीच्या पिल्लांसाठी

महाड-पोलादपूरकडे भाताची रोपं टाकली की गावातल्या कोंबड्यांचे वाईट दिवस सुरू होतात. एरवी दिवसभर मोकळी हिंडणारी, उकिरडा उकरणारी, वळचणीखालचे किडे टिपणारी कोंबडी डालग्याखाली नाहीतर खुराड्यात अडकून पडते. मोकळी सोडावी, तर तासाभरात ती कुणाचा तरी वाफा उकरून ठेवते आणि संध्याकाळी शेजारी दारात उभा. लावणी होऊन रोप मूळ धरेपर्यंत महिना-दीड महिना तिला मिळतं काय? मूठभर कणी, थोडा कोंडा आणि ताटातला उरलेला भात. ह्यावर मोठी कोंबडी तगते. चैत्र-वैशाखात निघालेली पिल्लं मात्र खुरटतात.

कारण साधं आहे. पहिल्या आठ आठवड्यांत पिल्लाच्या खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. तांदळाच्या कणीत ती सात-आठ टक्के असतात, चांगल्या कोंड्यात बारा-तेरा. मोकळ्या पिल्लांची ही तूट किडे भरून काढतात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी पंखवाली वाळवी उठते तेव्हा कोंबड्या कशा वेड्यासारख्या धावतात, ते खेड्यात राहिलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. किडा म्हणजे त्यांचं कालवण. बाकी सगळा नुसता भात.

वर्षात हे कालवण दोनदा तुटतं. एकदा आषाढात, कोंबडी कोंडलेली असते म्हणून. आणि त्याआधी एप्रिल-मेमध्ये, जमीन तापून कातळासारखी झालेली असते म्हणून. कोंबडी उकरून उकरून दमते, चोचीला काही लागत नाही. ह्या दोन तुटवड्यांसाठी घरच्या घरी किडे वाढवून ठेवता येतील का? येतात. पण त्यात आपल्या हवामानाची एक मेख आहे, आणि ती समजून न घेता डबा मांडला तर मे महिन्यात तो वास मारायला लागतो. आज मुख्यतः त्या मेखेबद्दल बोलायचं आहे.

ज्या किड्याबद्दल मी बोलतोय त्याला इंग्रजीत मीलवर्म म्हणतात. आपण पीठअळी म्हणू या. शास्त्रीय नाव टेनेब्रिओ मोलिटर. लिनियसने १७५८ साली दिलेलं. मोलिटर म्हणजे लॅटिनमध्ये गिरणीवाला. अळी मळकट पिवळी, कडक पाठीची, पूर्ण वाढली की साधारण एक इंच लांब. तिचा पुढे काळा भुंगेरा होतो. आपल्या पिठात, रव्यात बारीक तांबडे भुंगेरे होतात ना, त्यांच्याच कुळातला हा थंड मुलखातला मोठा भाऊ. थंड मुलखातला, हे शब्द लक्षात ठेवा.

अळ्या पाळायच्या म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण किडे पाळणं आपल्याकडे काही नवं नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून वर गेलं की महाबळेश्वर. तिथे खादी ग्रामोद्योग मंडळाचं मधुसंचालनालय आहे, आणि जवळच्या मांघर गावाला २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून मान मिळाला. रेशमाचे किडे तर देशावर कितीतरी शेतकरी पाळतात. आणखी एक उदाहरण फारसं कुणाला माहीत नसतं. जैविक कीडनियंत्रणाच्या प्रयोगशाळांत तांदळावरचा पतंग, म्हणजे कॉर्सिरा, भरडलेल्या धान्यावर मुद्दाम वाढवतात. त्याची अंडी कार्डावर चिकटवतात, त्यांत ट्रायकोग्रामा नावाची इवलीशी परोपजीवी माशी आपली अंडी घालते, आणि ती कार्डं खोडकिड्याच्या बंदोबस्तासाठी शेतात लावतात. ट्रायकोकार्ड ते हेच. एका कार्डावर वीसेक हजार अंडी असतात. म्हणजे घरातली गृहिणी ज्या किड्यांना शिव्या देत तांदूळ उन्हात घालते, त्यांतलाच एक कुणीतरी पगार घेऊन वाढवत असतो.

तर पीठअळीचा संसार कसा चालतो, ते बघू. मादी भुंगेरा दोन-तीन महिन्यांच्या आयुष्यात अडीचशे ते पाचशे अंडी घालते. अंडी चिकट असतात, त्यांना कोंडा लागतो आणि ती दिसेनाशी होतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी त्यांतून केसासारख्या बारीक अळ्या निघतात. आपल्याला वाटतं डब्यात काहीच नाही. पण कोंडा शांतपणे बघत राहिलं तर तो जागच्या जागी किंचित हलताना दिसतो. मग अडीच-तीन महिने खाणं आणि कात टाकणं, एवढा एकच उद्योग. पुढे कोष. पीठअळीचा कोष रेशमासारखा धाग्यात गुंडाळलेला नसतो. उघडा, पांढरट, वाकडा, डिवचलं की शेपूट हलवणारा. आठवड्या-दोन आठवड्यांत त्यातून भुंगेरा निघतो. आधी पांढरा, मग तांबूस, मग काळा. त्याला पंख असतात, पण तो सहसा उडत नाही. आणि गुळगुळीत प्लॅस्टिकच्या उभ्या भिंतीवर ना अळी चढू शकत, ना भुंगेरा. म्हणून हा किडा घरात पाळता येतो.

साहित्य अगदी घरगुती. प्लॅस्टिकचे रुंद, उथळ, गुळगुळीत टब तीन-चार. एक भुंगेऱ्यांचा, बाकीचे अळ्यांचे. वर झाकण म्हणून बारीक जाळी किंवा जुनं सुती कापड ताणून बांधायचं. घट्ट झाकण नको, आत घाम धरतो. मासळीबाजारात फेकलेले थर्मोकोलचे खोके मिळतात, ते घ्यायचा मोह होईल, पण घेऊ नका. पीठअळ्या थर्मोकोल कुरतडून खातात. हे नुसतं ऐकीव नाही. चीनमधल्या बेहांग विद्यापीठाने आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्डने मिळून २०१५ साली ते अभ्यासून दाखवलं. शंभर अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्मोकोल खातात असं त्यांना आढळलं. कचऱ्याच्या दृष्टीने बातमी चांगली, पण ती अळी आपण कोंबडीला घालणार आहोत.

भुंगेरे आपलीच अंडी खातात. म्हणून दर दहा-पंधरा दिवसांनी भुंगेरे वेचून नव्या कोंड्याच्या टबात टाकायचे आणि जुना टब अंड्यांसकट बाजूला ठेवायचा. पहिले काही आठवडे तो चाळायचा नाही. अंडी आणि बाळअळ्या चाळणीतून खाली जातात. कोष दिसले की वेचून वेगळ्या डब्यात, नाहीतर त्यांनाही कुरतडतात. एवढी शिस्त पाळली की बाकी काम आठवड्याला तासाभराचं.

आता खाणं. भाताच्या गिरणीतून दोन वस्तू निघतात, तूस आणि कोंडा. तूस खाद्य नव्हे. जुन्या पद्धतीच्या हलरमध्ये दोन्ही एकत्र येतात. तसला माल घेतला तर अर्ध्याअधिक तुसावर अळ्या उपाशी राहतात. बारीक, मऊ, पिठासारखा कोंडा चाळून घ्या. पण तांदळाच्या कोंड्यात तेल पुष्कळ असतं, आणि दळल्याबरोबर त्यातलं पाचक द्रव्य त्या तेलावर काम करू लागतं. दोन-तीन आठवड्यांत कोंडा खवट. उपाय आपल्या आज्यांना माहीत असलेलाच: लोखंडी कढईत मंद आचेवर भाजून घ्यायचा, करपवायचा नाही. त्याने खवटपणा लांबतो आणि कोंड्यात आधीच असलेले भुंगेरे, त्यांची अंडी, बारीक कोळीकिडे मरतात. भाजण्याचा कंटाळा असेल तर पशुखाद्याच्या दुकानातून गव्हाचा कोंडा आणा. दुकानदार त्याला भुसा म्हणतात. तो जास्त टिकतो. दोन्ही निम्मे निम्मे घेतले तरी चालतात. मात्र कोंडा कुठल्या धान्याचा आहे, हे विचारून घ्या. धान्यात कीड मारायच्या गोळ्या ठेवलेल्या असतील किंवा पावडर मारलेली असेल, तर आपली सगळी जत्रा एका रात्रीत संपते. औषध किड्याला मारण्यासाठीच असतं. पाळलेला कोणता आणि न पाळलेला कोणता, हे त्याला कळत नाही.

पाण्याची वाटी ठेवायची नाही, अळ्या बुडून मरतात. पाणी भाजीतून द्यायचं. गाजर, भोपळा, रताळं, बटाट्याची धुतलेली साल. फोड पालथी ठेवायची, दुसऱ्या दिवशी उरलेली काढून टाकायची. बस्स.

इथपर्यंत सगळं सोपं आहे आणि जगभर असंच करतात. अडचण आपल्या मुलखात येते.

ह्या किड्याला सगळ्यांत मानवतं ते २५ ते २८ अंश तापमान. तिशी ओलांडली की वाढ मंदावते, चाळिशीच्या घरात अळ्या मरू लागतात. आणि महाड म्हणजे चारी बाजूंनी डोंगर आणि मधे खळगा. समुद्राचा वारा इथपर्यंत येता येता दमतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो हे काही नवल राहिलेलं नाही. २०१७ च्या मार्चअखेर आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याला ४६.५ अंशांची नोंद झाल्याच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या. त्यात आणखी एक गोष्ट. दाटीवाटीने भरलेला अळ्यांचा टब स्वतः तापतो. हजारो जीव खातात, हलतात, श्वास घेतात; टबाच्या मधोमध हात घातला तर खोलीपेक्षा काही अंश जास्त ऊब लागते. थंड देशात ही ऊब उपयोगी पडते, आपल्याकडे ती जिवावर उठते. म्हणून उन्हाळ्यात कोंड्याचा थर दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर नको, आणि एका टबातल्या अळ्या दोन टबांत वाटायच्या. पत्र्याखालचा माळा नको, पश्चिमेची भिंत नको. शेणाने सारवलेली जमीन असलेली मधली खोली सगळ्यांत चांगली. जुन्या घरांत ती अजून आहे, नव्या सिमेंटच्या घरांत पंचाईत. टबाभोवती ओलं गोणपाट उभं करून ठेवलं की दोन-चार अंश उतरतात. गोणपाट कोंड्याला टेकू द्यायचं नाही.

मग पाऊस. पोलादपूरला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला ओलावा नव्वद टक्क्यांच्या आसपास राहतो. भिंतीला बुरशी येते, चामड्याच्या चपलेला येते, तर कोंड्याला का येणार नाही? कोंडा गोळे धरतो, आंबूस वास येतो, पृष्ठभागावर राखेसारखी हलणारी पूड दिसते. ती पूड म्हणजे कोळीकिडे. एकदा ते माजले की टब रिकामा करण्यावाचून इलाज नाही.

इथे ह्या अळीची एक खुबी कामाला येते. हवेतला ओलावा साधारण ८८ टक्क्यांच्या वर गेला की पीठअळी हवेतली वाफ शरीरात ओढून घेऊ शकते. तोंडाने नव्हे, मागच्या टोकाने. आतड्याच्या शेवटच्या भागात तशी रचना आहे. फार थोड्या प्राण्यांना हे जमतं. म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणात तिला भाजीची जवळजवळ गरजच नसते. पुस्तकात लिहिलंय म्हणून रोज गाजर घालत राहिलं, तर ते गाजरच टब कुजवतं. पावसाळ्यात फोड आठवड्यातून एकदा, तीही लहान, आणि संध्याकाळी काढून घ्यायची. टब चुलीच्या वरच्या अंगाला, जिथे आपण बियाणं आणि सुकी मासळी ठेवतो, तिथे ठेवावा. धुराचा झोत थेट नको, पण ती कोरडी ऊब पाहिजे. महाडच्या बाजारपेठेत ज्यांची घरं आहेत त्यांना टब किती उंच ठेवायचा हे मी सांगायला नको. २२ जुलै २०२१ च्या पुराच्या खुणा अजून त्यांच्या भिंतींवर नसल्या तरी डोक्यात आहेत.

आता ती मेख. बघा, ह्या अळ्या आपल्याकडे कुठल्या महिन्यांत आपसूक वाढतात? दसऱ्यापासून होळीपर्यंत. हवा कोरडी, दिवस उबदार, रात्री गार. आणि त्याच महिन्यांत कोंबडीला किड्यांची ददात नसते. भात कापलेलं असतं, शेतं मोकळी, चोंढ्यात नाकतोडे, खळ्यावर सांडलेले दाणे. तिला तुमच्या डब्याची गरजच नाही. गरज असते मेमध्ये आणि आषाढात, जेव्हा डबाच आजारी असतो. जिवंत अळ्या रोज मूठभर काढून कोंबडीला घालायच्या, हा जो परदेशी व्हिडिओंतला प्रकार आहे, तो आपल्याकडे उलट्या ऋतूत चालतो. म्हणून अळी सुगीत वाढवायची, उन्हात वाळवायची, आणि भाताच्या बियाण्यासारखी बेगमी करून ठेवायची. कोकणातल्या माणसाला हे नव्याने शिकवायला नको. आमचं सगळं स्वयंपाकघरच बेगमीवर चालतं.

वाळवण्याची रीत सुकटीसारखीच. अळ्या आधी चाळून घ्यायच्या, एक दिवस उपाशी ठेवायच्या म्हणजे पोट रिकामं होतं, मग उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून काढायच्या. निथळून फेब्रुवारी-मार्चच्या कडक उन्हात पातळ पसरायच्या. वर जाळी, नाहीतर कावळे आणि आपल्याच कोंबड्या वाटणी आधीच करून टाकतील. बोटाने मोडली की कट्कन तुटली पाहिजे. जिवंत अळीत साठ टक्क्यांच्या वर पाणी असतं, त्यामुळे एक किलोच्या चारशे ग्रॅमपेक्षाही थोड्या कमीच राहतात. वाळलेल्या अळीत जवळपास निम्मं प्रथिन आणि पाव ते एक तृतीयांश चरबी. चरबी आहे म्हणजे खवटणार. घट्ट झाकणाची बरणी, मेअखेरीस आणखी एक ऊन, आणि नागपंचमीच्या सुमाराला संपवायच्या.

किती लागतील ह्याचा हिशेब करून टाकू, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. दहा कोंबड्यांना तीन महिने रोज नुसत्या पाच-पाच ग्रॅम सुक्या अळ्या द्यायच्या म्हटल्या तर साडेचार किलो झाल्या. जिवंत अकरा-बारा किलो. साधारण दोन किलो कोंड्याला एक किलो जिवंत अळ्या असा हिशेब धरला, तर पंचवीस किलो कोंडा आणि दहाएक टब. हे घरगुती राहिलं नाही. त्यापेक्षा फक्त पिल्लांचा विचार करा. एका खुडूक कोंबडीखालची बारा पिल्लं, प्रत्येकी दिवसाला सरासरी दीड ग्रॅम, आठ आठवडे. एक किलो सुक्या अळ्या पुरतात. म्हणजे जिवंत अडीच किलोच्या जरा वर, कोंडा पाच-सहा किलो, टब तीन. हे कुणाही घरात होईल. चार भाग कणीत एक भाग सुक्या अळ्यांचा चुरा मिसळला की प्रथिनाचं प्रमाण आठावरून सोळा टक्क्यांवर जातं. पिल्लाच्या अंगावर पिसं कधी भरतात, ते बघून फरक कळतो. माझं स्पष्ट मत असं, की ही अळी मोठ्या कोंबड्यांचं खाद्य नव्हेच. ते पिल्लांचं आणि फार तर पिसं झडलेल्या कोंबडीचं टॉनिक आहे.

अंडी देणाऱ्या कोंबडीला अळ्या दिल्या आणि अंड्याचं कवच पातळ आलं, अशी तक्रार येते. ती खरी असते. पीठअळीच्या अंगात हाड नाही, शिंपला नाही. शंभर ग्रॅम जिवंत अळ्यांत कॅल्शियम अवघं १५ ते २० मिलिग्रॅम, आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. एका अंड्याच्या कवचालाच दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. तेव्हा अळ्यांबरोबर शिंपल्यांचा भरडा हवाच. खाडीच्या तिसऱ्या घरात येतात. त्यांची शिंपलं टाकू नका. चुलीत भाजून, कुटून, वेगळ्या वाटीत ठेवा. कोंबडीला हवं तेवढं ती आपण होऊन घेते.

काही जण विचारतात, जिवंत अळी पिल्लाचं पोट फोडून बाहेर येते का? नाही. कोंबडीच्या पोटातलं आम्ल आणि पेषणीतले खडे ह्यांपुढे अळीचं काही चालत नाही. लहान पिल्लाला मोठी अळी अडकू नये म्हणून तुकडे करून द्यावी, एवढंच.

एक गोष्ट मात्र खरोखर जपायची आहे. ब्रॉयलरच्या शेडमध्ये तुसाच्या अंथरुणात बारीक काळे भुंगेरे आणि पिवळ्या अळ्या हजारोंनी सापडतात. दिसायला पीठअळीसारख्याच, पण लहान. फुकटचं बियाणं मिळालं म्हणून त्या घरी आणू नका. हा वेगळा किडा आहे. तो विष्ठेत आणि मेलेल्या पिल्लांत वाढतो, साल्मोनेलासारखे जंतू एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये नेतो, आणि कोंबडीच्या पट्टकृमींची पिल्लावळही त्याच्या पोटात असते. तसंच घरातल्या टबात उंदराच्या लेंड्या पडू देऊ नका. उंदराचा पट्टकृमी पीठअळीतून पुढे जातो हे सिद्ध झालेलं आहे. टबाच्या फळीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, जशा आपण दुधाच्या कपाटाखाली ठेवत होतो, तर मुंग्याही येत नाहीत.

आणि टब कणगीच्या खोलीत कधीही ठेवू नये. पीठअळी अखंड, कोरड्या भाताला सहसा काही करत नाही. ती फुटक्या, दमट, बुरसटलेल्या धान्यावर जगते. पण आपल्या कोंड्यात तांबडा भुंगेरा आणि सोंडे शिरले तर ते तुमच्याच टबात वाढतील आणि कणगीत जातील. वर्षाचा तांदूळ आणि बारा पिल्लं, ह्यांत कोण मोठं ते सांगायला नको. टब मागच्या पडवीत, कणगी पुढच्या खोलीत. टबातली चाळलेली विष्ठा, जी बारीक रव्यासारखी असते, ती परसातल्या मिरच्या-वांग्यांना उत्तम खत. चाळताना नाकाला रुमाल बांधा. ज्यांना कोळंबी-खेकडे खाऊन अंगाला पुरळ येतं, त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं. ह्या किड्यांतलं एक प्रथिन कोळंबीतल्या प्रथिनाच्या जवळचं आहे.

परदेशात ह्या अळीचा मोठा गाजावाजा झाला. अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाद्यकीटकांवर जाडजूड अहवाल काढला. युरोपीय संघाने २०१७ साली माशांच्या खाद्यात आणि २०२१ साली कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात किड्यांचं प्रथिन वापरायला परवानगी दिली. त्याच वर्षी वाळलेली पीठअळी माणसांच्या खाण्यालाही मंजूर झाली. फ्रान्समधल्या यिन्सेक्ट कंपनीने तर त्यासाठी प्रचंड कारखाना उभारला, आणि २०२४ साली तिला देणेकऱ्यांपासून न्यायालयाचं संरक्षण मागावं लागलं. युरोपात डबा उबदार ठेवायला वीज जाळावी लागते. आपल्याकडे सुगीच्या चार महिन्यांत ती ऊब फुकट आहे, मजुरी घरची आहे आणि कोंडा गिरणीतला आहे. पण धंदा म्हणून कुणी ‘रोपं’ विकायला आला, अळ्या परत विकत घेण्याची हमी देऊ लागला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता एक शंका राहते, आणि ती रास्त आहे. सुका जवळा असताना हा खटाटोप कशाला? जवळ्यात प्रथिन भरपूर, कॅल्शियमही आहे, आणि आपल्या आयांनी पिल्लांना जवळ्याची कुटी घातलेलीच आहे. स्वच्छ, बिनमिठाचा जवळा परवडत असेल तर तोच घाला, अळ्यांच्या भानगडीत पडू नका. पण बाजारातल्या जवळ्यात मीठ नि वाळू किती, हे आधी जिभेवर ठेवून बघा. जास्त मीठ लहान पिल्लांना सोसत नाही. आणि भाव तर तुम्हाला ठाऊकच आहेत. हल्ली माणसाच्याच ताटात जवळा मोजून पडतो.

बियाणं कुठून आणायचं? मुंबईत पिंजऱ्यातले पक्षी आणि मासे पाळणारे लोक ह्या अळ्या वाढवतात, ऑनलाइनही विकतात. वाळलेल्या बाटलीतल्या नकोत, जिवंत हव्यात. आणि बोटाएवढ्या लांब ‘सुपरवर्म’ही नकोत, तो वेगळाच किडा, चावरा. पोलादपूर तालुक्यात असं घर विरळाच, की ज्यातलं कुणी मुंबईला नाही. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याला तीनशे अळ्या आणायला सांगा. कोंडा भरलेल्या कापडी पिशवीत, डब्याला भोकं पाडून, गाडीत उन्हाच्या बाजूला न ठेवता. दसऱ्याच्या आसपास त्यांचे भुंगेरे होतील. त्यांतले एकही कोंबडीला घालायचं नाही, नातवंडांनी कितीही हट्ट केला तरी. दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत अंडी धरायची, माघ-फाल्गुनात अळ्या वाळवायच्या. वाळवताना चार-पाचशे जाड अळ्या बियाण्यासाठी बाजूला काढा. घरी फ्रिज असेल तर मेच्या ऐन तलखीत त्या दारातल्या खणात, मुठीएवढ्या कोंड्यात ठेवता येतात. आठवड्यातून एक दिवस बाहेर काढून खायला द्यायचं आणि परत आत. डब्यावर चिठ्ठी मात्र ठळक अक्षरात लावा. आणि एवढं करूनही उन्हाळ्यात बियाणं गेलंच, तर भाद्रपदात पुन्हा गाडी यायचीच आहे.